उरले ते उरू द्या

उरला हे नाव मराठी माणसाच्या कानी पडले की त्याला प्रथम क्रियापदच ऐकू येते. आमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांना ते केवळ गावाचे नाव आहे. रायपूरच्या उत्तरेस, बीरगावला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत आहे. मी तिच्या कडेला एका भाड्याच्या घरात राहतो आणि रोज शहरातील केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करावयास जातो. जाता-येता जे दृश्य दिसते ते या नावाच्या अगदी उलट आहे. येथे काहीच उरत नाही. मोडक्या सायकली, जुनी गजकामे, गंजलेले पत्रे, यंत्रांचे सुटे भाग हे सारे मालमोटारींतून येते, भट्टीत पडते आणि दुसऱ्या दाराने नवी कोरी सळई होऊन बाहेर पडते. त्या सळईला विचारावे की, बाई, तू पूर्वी कोण होतीस, तर तिला सांगता यावयाचे नाही. लोखंडाला भूतकाळ असतो ही गोष्टच येथे कोणाच्या ध्यानात राहत नाही. उरल्याच्या भट्ट्यांविषयी माझी तक्रार नाही. देशाला सळया हव्यात. परंतु हीच भट्टीची बुद्धी घराच्या माजघरात शिरू लागली म्हणजे मात्र लेखणी हाती घ्यावी लागते.

प्रसंग असा आहे. माझ्या वडिलांच्या पश्चात आमच्या घरातले एक जुने रिव्हॉल्वर वारसाहक्काने आणि रीतसर परवान्याने माझ्याकडे आले. ते बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कारखान्याचे आहे. बत्तीस बोअरचे, सहाबारी, मधल्या बिजागरीवर मोडून उघडणारे. माझ्या पणजोबांनी, ज्यांना घरात सारे आबासाहेब म्हणत, ते इंग्रजी अमदानीत परवाना काढून घेतले. आबासाहेब एका गावाच्या चार आणे हिश्शाचे मालगुजार होते. त्यांच्या मागून ते माझ्या आजोबांकडे, म्हणजे नानांकडे आले. नानांच्या हयातीत त्या शस्त्रात तीन फेरफार झाले. नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी जो उंचवटा असतो, तो कानशीने घासून जवळजवळ सपाट करण्यात आला. सगळ्या अंगावर निकेलचा मुलामा चढवण्यात आला. आणि मुठीच्या दोन्ही बाजूंची मूळची काळी कठीण रबराची आवरणे जाऊन त्या जागी कोणा सुताराने घडवलेली शिसवी लाकडाची आवरणे बसली.

गेल्या दिवाळीत नागपूरहून माझे थोरले काका आले होते. त्यांनी ते शस्त्र हाती घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "नानांनी याची रया घालवली. आबासाहेबांच्या कमरेला होते तसे हे पुन्हा झाले पाहिजे." माझे आतेभाऊ तेथे होते. त्यांचा यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे. ते म्हणाले, "काका, त्यात काय अवघड? निकेल उतरवू, पुढचा उंचवटा नवा बसवू, मूठ मागवू, काळी झिलई देऊ. ओळखू यावयाचे नाही." या शेवटच्या तीन शब्दांवर सारे खूष झाले. मला मात्र त्या तीन शब्दांत सगळा दोष दिसला. त्या दिवशी वडीलधाऱ्यांपुढे मी गप्प बसलो. पण हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. जुन्या वस्तूंचे, जुन्या देवळांचे आणि जुन्या आठवणींचे काय करावे याविषयी आपल्या समाजात जी एक समजूत रूढ होऊन बसली आहे, तिचाच तो एक नमुना आहे. म्हणून तिचा प्रतिवाद जाहीरपणे करणे मला इष्ट वाटते.

प्रथम हा विचार केला पाहिजे की, ज्याला 'मूळ रूपात आणणे' म्हणतात ते या वस्तूच्या बाबतीत शक्य तरी आहे काय. कारखान्यातून निघताना अशा शस्त्रावर जी काळसर निळी झिलई असते, ती रंगाप्रमाणे वरून लावलेली नसते. लोखंडाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो एक अत्यंत पातळ थर असतो. निकेलचा मुलामा चढवण्यापूर्वी कारागीर तो पृष्ठभाग घासून, आम्लात बुडवून लखलखीत करतो. नाहीतर निकेल धरतच नाही. म्हणजे निकेलच्या खाली आबासाहेबांची झिलई सुरक्षित झाकून ठेवलेली आहे, पडदा दूर केला की ती दर्शन देईल, ही कल्पना भ्रामक आहे. खाली आहे ते उघडे लोखंड. त्यावर नव्याने जी झिलई दिली जाईल ती आमच्या आतेभावांच्या काळची असेल, आबासाहेबांच्या काळची नव्हे. उंचवट्याचेही तेच. जे घासून गेले ते लोखंड कानशीच्या भुग्यात गेले. त्या जागी जे बसेल ते नवे असेल आणि जुने असल्याची बतावणी करील. राहता राहिली मूठ. ती कोठून तरी, कोणा दुसऱ्याच्या मोडक्या शस्त्रावरून येईल. या तिन्हींची बेरीज करून जी वस्तू तयार होईल ती आबासाहेबांनीही कधी पाहिली नव्हती आणि नानांनीही नाही. तिला आपण वारसा म्हणू! ज्याच्यात पणजोबांचे काही परत आले नाही आणि आजोबांचे होते ते मात्र गेले, अशा कृतीला उद्धार म्हणावे की लूट म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे विद्वान प्रतिपक्षी एक मोठे नाव पुढे करतील याची मला कल्पना आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली नाही काय? लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून मूळ ग्रंथ शुद्ध केला नाही काय? मग नाथांना जे पुण्य, ते आम्हांला पाप कसे?

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. पोथीची शुद्धी नव्या प्रतीवर होते. शुद्ध पाठ नव्या कागदावर उतरतो. जुनी पोथी, तिच्यातील चुकांसह, कोणाच्या तरी देव्हाऱ्यात राहू शकते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले आणि त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते धुंडाळण्यात आली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्या कार्याला जी शिस्त लावून दिली तिचे मर्म कशात होते? जो पाठ त्याज्य ठरला तोही त्यांनी फेकला नाही. तो त्याच पानाच्या तळाशी छापला. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर उद्याच्या अभ्यासकाला तो तपासून पाहता यावा, अशी ती सोय होती. आता मला सांगा, कानशीला तळटीप लिहिता येते काय? भुग्याचे पाठभेद कोणत्या पानाच्या तळाशी छापणार? आमच्या घरी या शस्त्राच्या हजार प्रती नाहीत, एकच आहे. तिच्यावरच शुद्धी करावयाची म्हणजे एकमेव पोथी खरडून तिच्याच पानांवर आपला पाठ लिहावयाचा.

इतक्या मोठ्या उदाहरणांचीही गरज नाही. कचेरीत मी रोज जे करतो तेच सांगतो. सरकारी टिपणीत एखादा शब्द चुकला तर तो खरवडून काढावयाचा नसतो. त्यावर एक सरळ रेघ ओढावयाची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे अशी. शेजारी दुरुस्त शब्द लिहावयाचा आणि त्यापाशी आपली आद्याक्षरी सही करावयाची. ज्या टिपणीत खाडाखोड मुळीच दिसत नाही पण कागद मात्र एका जागी पातळ झाला आहे, ती टिपणी वरिष्ठांच्या मनात शंका उत्पन्न करते. 'ओळखू यावयाचे नाही' ही आमच्या कचेरीत शाबासकी नाही. तो गुन्ह्याचा पुरावा आहे.

पण जुन्या वस्तूला कधी हातच लावू नये असे माझे म्हणणे आहे काय? नाही. आणि येथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण प्रतिपक्षाची सगळी चलाखी हा फरक पुसून टाकण्यात आहे. भगतसिंगांच्या पिस्तुलाची हकीकत अनेकांच्या वाचनात असेल. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्सवर प्रथम गोळी झाडली ती आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, आणि त्यांच्या मागून भगतसिंगांनी. भगतसिंगांच्या त्या बत्तीस बोअरच्या कोल्ट पिस्तुलाचा पुढे अनेक वर्षे कोणास पत्ता नव्हता. ते पंजाबातील फिल्लौर येथून १९६९ मध्ये इतर शस्त्रांबरोबर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रप्रशिक्षण शाळेत गेले होते आणि तेथील संग्रहात निनावी पडून होते. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. एका पत्रकाराने अभिलेखांचा माग काढल्यावर तो रंग काढण्यात आला आणि खाली क्रमांक दिसला: १६८८९६. कागदोपत्री असलेल्या क्रमांकाशी तो जुळला, आणि २०१७ मध्ये ते पिस्तूल हुसैनीवाला येथील संग्रहालयात गेले.

प्रतिपक्षी म्हणतील, पाहा, वरचा थर काढला म्हणूनच हे रत्न सापडले. अगदी बरोबर, आणि या कामाचे मी स्वागतच करतो. तसेच वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे शतकानुशतकांचे थर २०२२ मध्ये उतरवण्यात आले आणि खालची घडीव मूर्ती प्रकट झाली, त्याचेही. परंतु या दोन्ही ठिकाणी काय झाले? वर चढलेले उतरवले आणि खाली असलेले वाचले. नवे काही घडवले नाही. इंदूरला रंगाखाली क्रमांक होता. वणीला शेंदराखाली मूर्ती होती. आमच्या निकेलखाली काय आहे? घासलेले लोखंड. उघड करणे वेगळे आणि बनवणे वेगळे. जे झाकलेले आहे ते जाणत्या हाताने, आधी नोंद करून, उघडे करावे. जे नाहीसे झाले आहे ते आहे असे भासवू नये. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिचाही आशय असाच आहे: जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुद्धाराने थांबावे, आणि निरनिराळ्या काळांनी वास्तूवर जी भर घातली तिचा मान राखावा. आता इंदूरच्या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहा. त्या पिस्तुलाला रंग फासण्याऐवजी कोणी उत्साही अधिकाऱ्याने ते नव्यासारखे करण्यासाठी चाकावर घासून चकचकीत केले असते तर? क्रमांक उडाला असता आणि आज ते एक चकचकीत पण मुके पिस्तूल असते. ज्याने केवळ रंग फासून ठेवून दिले त्या अनाम शिपायाचे आपण आभारच मानले पाहिजेत.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आमच्या रिव्हॉल्वरवर कारखान्याचे नाव आहे, बर्मिंगहॅमच्या शस्त्रपरीक्षागृहाचे मुकुटाचे शिक्के आहेत आणि क्रमांक आहे. निकेल चढवताना एकदा घासले गेल्यामुळे कारखान्याच्या नावातील काही अक्षरे आधीच अस्पष्ट झाली आहेत. क्रमांक अजून वाचता येतो, आणि तो परवान्याच्या पुस्तकातील क्रमांकाशी जुळतो. त्या एका क्रमांकामुळे ही वस्तू आमची आहे. निकेल उतरवून, पुन्हा घासून, पुन्हा झिलई द्यावयाची म्हणजे त्या उथळ झालेल्या अंकांवरून आणखी एकदा चाक फिरवावयाचे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, काढणे अथवा बदलणे यांस मनाई केली आहे. आणि पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर ज्याच्याकडे त्यासाठीचा परवाना आहे त्यानेच करावयाचे आहे. तेव्हा उरल्यातील कोणत्याही कारखान्यातील लेथवर हे काम उरकून घेऊ, ही आमच्या आतेभावांची सूचना कितीही प्रेमळ असली तरी ती बेकायदा आहे, हे मी नातेवाईक म्हणून आणि सरकारी नोकर म्हणूनही सांगणे लागतो. कायदा येथे कारकुनी अडथळा म्हणून आडवा येत नाही. त्या कलमामागे एक शहाणपण आहे: लोखंडावरचे लेखन पुसले गेले की लोखंड कोणाचेही होते.

नंतरच्या माणसांनी जोडलेल्या गोष्टींची आपण किती हेटाळणी करतो! साताऱ्याच्या वाघनखांचे उदाहरण घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात उसनी आली, तेव्हा ती शिवछत्रपतींचीच की नव्हेत यावर केवढे रणकंदन झाले. त्या वादात मी पडत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या वाघनखांबरोबर एक पेटी आहे. ती पुढे स्कॉटलंडमध्ये करवलेली आहे. तिच्यावरील मजकुरात ही नखे ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना त्याला मिळाल्याचे लिहिलेले आहे. वादाला जो काही आधार आहे तो मुख्यतः त्या नंतरच्या पेटीचा. ती पेटी मूळची नव्हे, विलायती आहे, शोभत नाही, म्हणून एखाद्या शुद्धीवाद्याने भिरकावून दिली असती तर वादी आणि प्रतिवादी दोघांच्याही हाती काही राहिले नसते. जे नंतरचे आहे ते खोटे नसते. ते केवळ नंतरचे असते.

आता मी मूळ दुखण्याकडे वळतो. कारण आतापर्यंत जे सांगितले ते लोखंडाविषयी झाले, आणि माझ्या काकांचा आग्रह लोखंडासाठी नाही हे मला ठाऊक आहे.

मध्यप्रदेशात ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. कायद्याने ते झाले आणि योग्यच झाले. कसणाऱ्याच्या डोक्यावर चार आणे, आठ आणे हिश्शाने बसून राहण्याचा हक्क आम्हांला कोणी द्यावा? आबासाहेब त्यानंतर फार वर्षे जगले नाहीत. नानांनी मात्र पगडी उतरवून ठेवली आणि रायपूरच्या एका भातगिरणीत रोकड सांभाळण्याची नोकरी धरली. तीस वर्षे त्यांनी गिरणीचे पैसे कापडी पिशवीत घालून बँकेत पोचते केले. पिशवीच्या तळाशी हे रिव्हॉल्वर असे. काढताना पुढचा उंचवटा कापडात अडके, म्हणून तो घासला. पावसाळ्यात हाताच्या घामाने लोखंडाला तांबेरा चढे, म्हणून निकेल चढवले. कठीण रबराची मूठ तडकली, तेव्हा गिरणीच्याच सुताराकडून शिसवाची करून घेतली. घासलेल्या जागेवरही निकेल आहे. म्हणजे कानस आधी आणि निकेल नंतर. मुठीच्या आवरणाखालच्या लोखंडावरही निकेल आहे, पण आवरणाच्या कडेला त्याची खूण नाही. म्हणजे शिसवी मूठ त्या दोहोंच्या नंतरची. ज्याला वाचता येते त्याला त्या शस्त्रावर नानांची नोकरी क्रमवार लिहिलेली आहे. आणि डाव्या बाजूच्या आवरणावर एक खोलगट झिजलेली जागा आहे. ती चाप ओढून पडलेली नाही. नानांनी आयुष्यात एकदाही माणसावर गोळी झाडली नाही. गिरणीपासून बँकेपर्यंत रस्ताभर पिशवीत हात घालून ते मूठ धरून चालत. त्यांच्या अंगठ्याने ते लाकूड झिजले आहे.

काका त्या वेळी शाळेत होते. 'मालगुजाराचा नातू, मुनिमाचा पोरगा' असे त्यांना चिडवीत. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते आणि तरीही त्यांचा आवाज कापला. काकांविषयी माझ्या मनात अनादराचा लेशही नाही. पण ज्या निकेलची त्यांना लाज वाटते ती लाज त्यांची नव्हे, चिडवणाऱ्यांची होती. आणि ती पुसण्यासाठी वडिलांच्या हातच्या खुणा पुसणे हा उपाय नव्हे. आबासाहेबांच्या कमरेचे रिव्हॉल्वर पुन्हा घडवावयाचे याचा अर्थ चार आण्यांची मालगुजारी काचेच्या पेटीत मांडावयाची आणि तीस वर्षांची प्रामाणिक चाकरी भुग्यात घालावयाची. ज्याने गाव राखून घेतले त्याचे स्मारक, आणि ज्याने दुसऱ्याचा पैसा इमानाने राखला त्याची मात्र खाडाखोड! मी स्वतः चाकरमान्या आहे. या निवाड्यात मी नानांच्या बाजूने उभा राहणार, हे उघड आहे.

आणि हा निवाडा केवळ आमच्या घराचा आहे काय? बृहन्महाराष्ट्रातील आम्ही मराठी माणसे सभा-संमेलनांत काय सांगत असतो? १७४१ मध्ये भास्करपंत या मुलखातून गेले, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राज्य केले, १८५४ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. हे सांगावे, तो इतिहास आहे. पण तेवढेच सांगावे काय? त्यानंतरची पावणेदोनशे वर्षे येथे कोणी काढली? रेल्वेतल्या बाबूंनी, शाळामास्तरांनी, भिलाईच्या पोलाद कारखान्यातील कामगारांनी, दुसऱ्यांच्या रोकडी मोजणाऱ्या मुनिमांनी. त्यांनी आपल्या बोलीवर हिंदीचा मुलामा चढू दिला, कारण पाऊस येथला होता आणि हात घामेजत होते. पुण्याचा पाहुणा आला की आम्ही तो मुलामा घाईघाईने खरवडू पाहतो आणि खाली पुण्याची झिलई सापडेल अशी आशा धरतो. ती तेथे नसते. असते ते आमचे लोखंड, आणि ते अस्सल आहे.

उरलेल्या आक्षेपांचा थोडक्यात समाचार घेतो. ते शस्त्र कुरूप दिसते असे म्हणतात. दिसेना! कष्टाचे हात सुंदर दिसतात असे आम्ही कवितेत म्हणतो, मग प्रत्यक्षात ते पाहवत का नाहीत? गंजेल असे म्हणतात. गंज थांबवणे म्हणजे पुनरुद्धार नव्हे; ओल न लागू देणे, तेलाचा हात फिरवणे आणि चामड्याच्या म्यानात कोंडून न ठेवणे एवढ्याने ते काम भागते. किंमत वाढेल असे म्हणतात. जाणता संग्राहक नव्याने झिलई दिलेल्या जुन्या शस्त्राची किंमत वाढवीत नाही, उतरवतो. आणि आम्हांला ते विकावयाचेच नाही. वापरता आले पाहिजे असे म्हणतात. ज्याला वापरावयाचे शस्त्र हवे त्याने परवाना काढून नवे घ्यावे. वृद्धाला तालमीत उतरवण्याचा हट्ट धरू नये. शेवटी म्हणतात की, कारागिराच्या, त्या बर्मिंगहॅमच्या घडवणाऱ्याच्या, मूळ कृतीचा मान राखला पाहिजे. मान्य! पण आमच्या गिरणीच्या सुताराने घडवलेली मूठही कारागिराचीच कृती आहे. एकाचे नाव लोखंडावर कोरलेले आहे आणि दुसऱ्याचे कोठेच लिहिलेले नाही, एवढ्यावरून पहिला कलावंत आणि दुसरा बिघडवणारा ठरत असेल, तर तो न्याय मला मान्य नाही.

तेव्हा माझा निर्णय मी येथे नोंदवतो. या रिव्हॉल्वरला कानस लागणार नाही, निकेल उतरणार नाही, मूठ बदलणार नाही. परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडून ते एकदा तपासून, स्वच्छ करून घेईन. चारी बाजूंनी छायाचित्रे काढीन. त्यासाठी साग्वानी पेटी करावयास टाकली आहे. तिच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवणार आहे. आबासाहेबांनी कोणत्या परवान्यावर घेतले, नानांनी काय घासले, का घासले, निकेल का चढवले, मूठ गिरणीच्या सुताराने केली, हे सारे त्यावर क्रमाने लिहिलेले असेल. तळाशी असेही लिहिणार आहे की, ही पेटी नंतरची आहे. आणि त्यापाशी माझी आद्याक्षरी सही.

काकांना मी पत्र लिहिले. त्यात वाद घातला नाही. एवढेच लिहिले की, पुढच्या वेळी आपण याल तेव्हा ती मूठ उजव्या हातात धरून पाहावी आणि अंगठा त्या झिजलेल्या जागी ठेवावा. उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तरी मी रागावणार नाही. सत्तर वर्षांचा सल एका पत्राने निघत नसतो. पण हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या घरी अशी एखादी 'बिघडवलेली' वस्तू असेल, आजीने कल्हईवाल्याकडून डाग लावून घेतलेले तांब्याचे घंगाळ असेल, वडिलांनी पाठीमागे खिळे ठोकलेले घड्याळ असेल, त्याला माझी हात जोडून विनंती आहे. लेथकडे नेण्यापूर्वी ती वस्तू एक वेळ वाचून पाहा. आमच्या या गावात रोज शेकडो टन लोखंड आपली ओळख विसरते. तेवढे पुरे आहे. घरात जे उरले, ते उरू द्या.